चंद्राचे जुने फोटो कोणत्या मोहिमेतले, हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातल्या जुन्या पेटीतून चंद्राचे वीस-बावीस फोटो निघालेत. आठ बाय दहा इंचाचे, बहुतेक कृष्णधवल, चार-पाच रंगीत. काहींवर समांतर पट्टे दिसतात, काहींवर बारीक फुल्या आहेत, दोन-तीन फोटो जुन्या टीव्हीसारखे रेघारेघांचे आहेत. काहींच्या कोपऱ्यात आकडे आहेत, काहींवर काहीच नाही. पाकिटावर शाईने ‘अपोलो ११, १९६९’ लिहिलंय. हे सगळे खरंच अपोलो ११ चे आहेत का?

नाहीत. एवढ्या वर्णनावरूनच किमान तीन वेगवेगळ्या मोहिमा दिसतात. पट्टेवाले फोटो अपोलोचे असूच शकत नाहीत, ते माणूस चंद्रावर जायच्या दोन-तीन वर्षं आधीचे आहेत. अशा पाकिटांवर ‘अपोलो ११’ लिहिलेलं असणं मात्र अगदी स्वाभाविक आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स मुंबईत येऊन गेले, त्या काळात चंद्र म्हटलं की अपोलो ११ हेच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि चंद्राचा जो फोटो हाती येईल तो त्याच नावाच्या पाकिटात जायचा.

ओळखायला बसलं की बहुतेक जण फोटोतली विवरं बघायला लागतात. सुरुवात तिथून करू नका. चंद्रावर एकसारखी दिसणारी विवरं हजारोंनी आहेत आणि डोळा आपल्याला हवं ते शोधून देतो. आधी फोटो कोणत्या यंत्रातून आला ते ठरवायचं. फिल्म परत आली की फोटो रेडिओने आला? रेडिओने आला असेल तर टीव्ही कॅमेऱ्यातून की यानातच धुतलेल्या फिल्मवरून? या प्रश्नांची उत्तरं प्रिंटच्या कडेला, पट्ट्यांत, फुल्यांत आणि मागच्या बाजूला असतात. यंत्र कळलं की मोहिमा चार-पाचांवर येतात, आणि त्यानंतर विवरं बघण्यात अर्थ असतो.

पहिलं काम स्कॅनिंग. प्रिंट पूर्ण, पांढऱ्या कडेसकट स्कॅन करा, मागची बाजूही. आठ बाय दहाच्या प्रिंटला ६०० डीपीआय पुरतं, टिफ फाइल ठेवा, स्कॅनरचं ‘ऑटो’ सुधारणेचं बटण बंद ठेवा. कडा कापून नीटनेटका स्कॅन करायचा मोह होतो आणि तिथेच सगळ्यात उपयोगी माहिती जाते. प्रिंट एकमेकांना चिकटले असतील (आपल्याकडच्या पावसाळ्यात चार-सहा महिने दमट पेटीत राहिले की चिकटतातच) तर ओढून सोडवू नका, इमल्शन (चित्र ज्यात असतं तो वरचा थर) निघून येतं. ते कागद-संवर्धन करणाऱ्याकडेच द्या. मागे बॉलपेनने काहीही लिहू नका, दाबाची रेघ पुढे उठते.

मग दहा पट भिंगातून बघा. समान अंतरावरचे बारीक ठिपके दिसले तर तो फोटो नव्हेच, मासिकातून किंवा पुस्तकातून कापलेलं छापील पान आहे. ठिपक्यांऐवजी अनियमित रवाळपणा दिसला तर खरा फोटोग्राफिक प्रिंट. तिरप्या उजेडात धरल्यावर गडद भागाच्या कडेला निळसर धातूसारखी झाक आली, तर ती चांदीच्या जुन्या प्रिंटची खूण आहे. जोर लावून पुसू नका, ती घाण नाही.

आता मागची बाजू. नासाच्या त्या काळातल्या प्रेस प्रिंटवर मागे बहुधा जांभळ्या शाईतला मजकूर असतो आणि रंगीत प्रिंटच्या कागदावर फिकट अक्षरांत ‘ए कोडॅक पेपर’ असं तिरपं वारंवार छापलेलं असतं. ‘धिस पेपर मॅन्युफॅक्चर्ड बाय कोडॅक’ असं असेल तर प्रिंट बहुधा नंतरचा आहे. यातून फक्त कागदाचं वय कळतं. १९६६ चा फोटो १९८० मध्ये छापलेला असू शकतो, आणि तसं फार वेळा होतं.

आकड्यांचे प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

मध्ये एच असलेला, ‘६७-एच-’ आणि पुढे तीन-चार आकडे, असा क्रमांक नासाच्या वॉशिंग्टन मुख्यालयाचा. एचसी असेल तर तोच, पण रंगीत. एसने सुरू होऊन लगेच वर्ष येत असेल, म्हणजे ‘एस-६९-’ असा, तर तो ह्यूस्टनच्या केंद्राचा. एल म्हणजे नासाचं लँगली केंद्र, आणि पट्टेवाल्या फोटोंचा प्रकल्प लँगलीकडेच होता, त्यामुळे ‘एल-६७-’ दिसलं तर कान टवकारा. पी आणि पाच आकडे असतील तर पॅसाडेनाच्या जेपीएलचा, म्हणजे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचा. या सगळ्या क्रमांकांतलं वर्ष हे प्रिंट प्रसिद्ध केल्याचं किंवा नोंदवल्याचं वर्ष आहे. फोटो काढल्याचं वर्ष तेच असेल असं धरून चालू नका. शिवाय ह्यूस्टनचे एस क्रमांक अंतराळवीरांच्या पृथ्वीवरच्या सरावाच्या फोटोंनाही आहेत. पूर्ण सूट घातलेला माणूस, पायाखाली राखेसारखी माती, सगळं चंद्रासारखं, आणि आकाश मात्र फिकट किंवा मागे छताची तुळई. असा फोटो सरावाचा.

उड्डाणातल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यांच्या फोटोंचा क्रमांक वेगळाच असतो: एएस११-४०-५९०३. एएस म्हणजे अपोलो-सॅटर्न, ११ ही मोहीम, ४० हा फिल्मच्या मॅगझिनचा (कॅमेऱ्याला लावायच्या फिल्मच्या डबीचा) क्रमांक, ५९०३ हा फ्रेमचा. (हाच तो ऑल्ड्रिनच्या काचेत आर्मस्ट्राँगचं प्रतिबिंब दिसणारा फोटो.) असा क्रमांक सापडला तर काम संपलं. पण कित्येकदा कडेचा भाग कापलेला असतो आणि फक्त शेवटचे चार-पाच आकडे उरतात. तेही पुरतात, कारण हॅसलब्लाडच्या फ्रेमचे क्रमांक प्रत्येक मोहिमेला शून्यापासून सुरू होत नाहीत, चढत जातात. अपोलो ८ चे दोन हजारांच्या घरात, अपोलो ११ चे पाच ते सहा हजारांत, १२ चे त्यापुढे, १३ चे आठ हजारांच्या आसपास, १४ चे नऊ-दहा हजारांत, १५ चे अकरा ते तेरा हजारांत, १६ च्या पृष्ठभागावरचे सतरा ते एकोणीस हजारांत आणि १७ चे वीस हजारांच्या वर. अपोलो १७ चा पृथ्वीचा सुप्रसिद्ध गोल फोटो २२७२७ आहे, त्यावरून अंदाज येईल. सीमेवरच्या आकड्याला मॅगझिन क्रमांकाचा आधार लागतो, बाकी ठिकाणी हा हिशेब चुकत नाही.

पट्टेवाल्या फोटोंकडे वळतो. यांच्यावर जास्त वेळ द्यायला हवा, कारण पेटीतल्या फोटोंत मोलाचे बहुधा हेच असतात आणि फेकलेही हेच जातात. ‘प्रिंट खराब आलाय, रेघा पडल्यात’ असं वाटतं.

हे लूनर ऑर्बिटरचे, म्हणजे चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या बिनमाणसांच्या यानांचे. ऑगस्ट १९६६ ते ऑगस्ट १९६७ या बारा महिन्यांत पाच याने सोडली आणि पाचही नीट चालली. यानात ७० मिलिमीटरची फिल्म होती. फोटो काढल्यावर ती यानातच, रसायनात भिजवलेल्या ‘बायमॅट’ नावाच्या पट्टीला चिकटवून धुतली जायची. मग प्रकाशाचा बारीक ठिपका फिल्मवरून फिरवून ती वाचली जायची, एका वेळी २.५४ मिलिमीटर रुंदीची पट्टी, आणि तो संकेत रेडिओने पृथ्वीवर यायचा. इथे प्रत्येक पट्टी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर उमटवायची आणि मग त्या शेजारी शेजारी लावून पूर्ण चित्र जुळवायचं. तुमच्या प्रिंटवरचे पट्टे म्हणजे या पट्ट्यांचे सांधे.

भिंगाखाली बघितलं की खात्री पटते. प्रत्येक पट्टीची एक कड किंचित उजळ आणि दुसरी किंचित गडद असते, त्यामुळे सगळं चित्र खिडकीच्या झडपांसारखं दिसतं. एखाद्या विवराची कड सांध्यावर केसभर सरकलेली असते. प्रिंटच्या कडेला फ्रेम पूर्ण असेल तर आकडे, राखाडी छटांची पायरी-पायरीची पट्टी आणि रेघांचे बारीक संच दिसतात. ते फिल्म यानात भरायच्या आधीच तिच्यावर उमटवलेले होते. त्यांतले पट्टीचे आकडे उलटे वाचले जात असतील तर प्रिंट उलट्या बाजूने काढलाय, आधी स्कॅन आरशासारखा फिरवून घ्या.

पट्ट्या मोजा. यानात दोन भिंगं होती, ८० मिलिमीटरचं मध्यम आणि ६१० मिलिमीटरचं तीव्र, म्हणजे जास्त बारकावे टिपणारं. मध्यम फ्रेममध्ये सुमारे २६ पट्ट्या येतात. तीव्र फ्रेम फिल्मवर जवळजवळ २२ सेंटिमीटर लांब, म्हणजे ८६ च्या आसपास पट्ट्या. म्हणून ती तीन तुकड्यांत छापली जाते: एच१, एच२, एच३, प्रत्येकी अठ्ठावीस-एकोणतीस पट्ट्या. दहा इंची प्रिंटवर पूर्ण तुकडा असेल तर पट्टी साधारण ९ मिलिमीटरची पडते. तुमच्या प्रिंटवर पट्टी २ सेंटिमीटर रुंद असेल तर तो मूळ फ्रेमचा लहानसा भाग मोठा करून छापलाय, आणि फ्रेम शोधताना तेवढ्याच भागाशी ताडून बघावं लागेल.

पाचांपैकी कोणतं? फ्रेमच्या नुसत्या आकड्यावर जाऊ नका. पाचही यानांचे फ्रेम क्रमांक ५ पासून सुरू होतात आणि दोनशेच्या आसपास संपतात, त्यामुळे ‘१६२’ एवढ्याने काहीच ठरत नाही. रोमन आकड्यातला मोहीम क्रमांक लागतोच. २-१६२-एच३ (यातला पहिला २ प्रिंटवर रोमन असतो) म्हणजे दुसऱ्या यानाने नोव्हेंबर १९६६ मध्ये तिरप्या कोनातून टिपलेलं कोपर्निकस विवर. विमानातून डोंगर दिसावेत तसं ते दिसतं आणि त्या काळी वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं होतं. ५-१६२ हे अगदी वेगळंच ठिकाण.

मोहीम क्रमांक नसेल तर प्रत्येक यानाची खोड उपयोगी पडते. पहिल्या यानात पृष्ठभागाच्या सरकण्याशी फिल्मचा मेळ घालणारी यंत्रणा बिघडली होती, म्हणून त्याचे तीव्र भिंगाचे फोटो फरफटलेले, अस्पष्ट आहेत, मध्यम भिंगाचे ठीक. त्याच्या फिल्मवर मोजमापाच्या फुल्याही नाहीत, त्या दुसऱ्या यानापासून आल्या. दुसरं आणि तिसरं विषुववृत्ताजवळ घिरट्या घालत अपोलोसाठी उतरण्याच्या जागा बघत होतं, म्हणून त्यांच्या फोटोंत सपाट मैदानं आणि खूप जवळून दिसणारी बारीक विवरं जास्त. चौथं ध्रुवांवरून जाणाऱ्या उंच कक्षेत होतं, जवळात जवळ असतानाही २७०० किलोमीटरवर, आणि त्याने पृथ्वीकडची बाजू जवळपास पूर्ण टिपली. त्याच्या कॅमेऱ्याच्या झाकणाने त्रास दिला, त्यामुळे कित्येक फ्रेमवर धुकट पांढरट पसारा आहे. पाचवं ध्रुवीय कक्षेत पण खाली होतं, निवडक जागांचे अतिशय बारकाईचे फोटो त्याचे. थोडक्यात, दक्षिणेकडचं टायको विवर किंवा ध्रुवाजवळचा प्रदेश पट्ट्यांसकट दिसला तर आधी चौथं आणि पाचवं तपासा.

यानातच फिल्म धुतल्याने जाळीसारखे किंवा थेंबासारखे डागही पडलेले असतात. ते चंद्रावर नाहीत. असे डाग ‘इमारत’ किंवा ‘मनोरा’ म्हणून फिरवले जातात, तुमच्या प्रिंटवर असले तर त्यांना मोहिमेची खूण म्हणून वापरा.

एक सावधगिरी. २००८ पासून या यानांच्या मूळ चुंबकीय टेपा नासाच्या एम्स केंद्रात पुन्हा वाचल्या गेल्या आणि अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाने पट्टे काढून टाकलेले नकाशेही केले. त्यामुळे लूनर ऑर्बिटरचं चित्र पट्ट्यांशिवायही भेटू शकतं, पण ते अलीकडच्या संगणकातून आलेलं असतं. जुन्या पेटीतल्या चांदीच्या प्रिंटवर पट्टे असणारच.

रेघारेघांच्या टीव्हीसारख्या फोटोंत दोन कुळं आहेत. पहिलं रेंजर. ही याने चंद्रावर आदळेपर्यंत फोटो पाठवत राहिली: रेंजर ७ ने ३१ जुलै १९६४ ला, रेंजर ८ ने २० फेब्रुवारी १९६५ ला आणि रेंजर ९ ने २४ मार्च १९६५ ला. प्रत्येकात सहा टीव्ही कॅमेरे, दोन पूर्ण चौकटीचे सुमारे ११५० रेघांचे आणि चार छोट्या चौकटीचे ३०० रेघांचे. खूण अशी की फोटो वरून सरळ खाली बघतो, क्षितिज दिसत नाही, आणि मालिकेतला पुढचा फोटो आधीच्याच मधल्या भागात घुसत जातो. तुमच्या दोन फोटोंत तीच विवरं लहान-मोठी दिसत असतील तर ती रेंजरची जोडी समजा. शेवटच्या फ्रेमची एक बाजू नुसत्या विस्कटलेल्या ठिपक्यांची असते, कारण चित्र पाठवता पाठवता यान आदळलं. आल्फॉन्सस विवराचं आतलं अंगण जवळ जवळ येत गेलं असेल तर रेंजर ९.

दुसरं सर्व्हेयर, १९६६ ते १९६८. ही याने अलगद उतरली आणि पायावर उभी राहून आजूबाजूचे फोटो काढले. इथे क्षितिज असतं, यानाचा पाय किंवा माती उकरणारा हात फ्रेममध्ये असतो, ६०० रेघा असतात, आणि फुल्यांऐवजी ठिपक्यांची पाच बाय पाच जाळी. त्यांची जोडचित्रं फार ओळखू येण्यासारखी: लहान चौकोनी प्रिंट हाताने चिकटवून केलेली, छटा एकमेकांशी न जुळणारी, बाहेरची कड पायऱ्यापायऱ्यांची. लूनर ऑर्बिटरच्या समांतर लांब पट्ट्यांशी यांची गल्लत करू नका, इथे चौकोन असतात. आजूबाजूला मोठमोठे दगड पसरलेले असतील तर जानेवारी १९६८ मध्ये टायकोजवळ उतरलेलं सर्व्हेयर ७ आधी तपासा.

आता फुल्या. फुली दिसली की अपोलो, असं सरळ समीकरण नाही, रेंजरवरही खुणा आहेत. पण चित्र फिल्मवरचं, रेघा नसलेलं, स्वच्छ असेल आणि फुल्या पाच बाय पाचच्या नीट चौकटीत असतील तर तो चंद्राच्या पृष्ठभागासाठी बनवलेला हॅसलब्लाड डेटा कॅमेरा. त्याच्या फिल्मसमोर काचेची पट्टी होती, तिच्यावर १० मिलिमीटर अंतरावर २५ फुल्या कोरलेल्या, मधली फुली बाकीच्यांहून मोठी. फिल्मवरची चौकट साधारण ५३ मिलिमीटरची. म्हणून आठ इंचांत पूर्ण चौकट छापली तर दोन फुल्यांमधलं अंतर ३८ मिलिमीटरच्या आसपास येतं. पट्टी घ्या आणि मोजा. ५० मिलिमीटर आलं तर आठ इंचांत फिल्मचा ४० मिलिमीटरचाच भाग आहे, म्हणजे फोटो कापलेला. मोठी फुली प्रिंटच्या मध्यावर नसेल तर किती आणि कोणत्या बाजूने कापलाय तेही कळतं.

पांढऱ्याशुभ्र भागावर फुली तुटलेली किंवा गायब दिसते. फुलीची रेघ फिल्मवर अतिशय बारीक आहे, आणि शेजारचा झगझगीत उजेड इमल्शनमध्ये पसरून तिला गिळतो. त्यावरून फोटो खोटा ठरत नाही.

फुल्या नसलेला स्वच्छ फोटो म्हणून अपोलोचा नाही, असंही नव्हे. अपोलो ८ आणि १० च्या कॅमेऱ्यांत फुल्यांची काच नव्हती. अपोलो ११ मध्ये ती पृष्ठभागावर वापरलेल्या कॅमेऱ्यात होती, कक्षेत राहिलेल्या कोलंबिया यानातल्या कॅमेऱ्यात नव्हती. म्हणून अपोलो ११ चे कक्षेतले फोटो बिनफुल्यांचे आणि माणूस, झेंडा, पावलं दाखवणारे फुल्यांचे. चंद्रावर उतरल्यानंतरचे अपोलो ११ चे बाहेरचे सगळे हॅसलब्लाड फोटो एकाच ४० क्रमांकाच्या मॅगझिनवर आहेत, आणि ते रंगीत. तुमच्याकडचा प्रिंट कृष्णधवल असेल आणि तरी दृश्य अपोलो ११ चंच असेल, तर तो रंगीत मूळावरून काढलेला कृष्णधवल प्रिंट आहे. त्या काळी वर्तमानपत्रांसाठी असे सर्रास काढत.

अपोलो १५, १६ आणि १७ मध्ये कक्षेत राहिलेल्या यानात आणखी दोन मोठे कॅमेरे होते. नकाशाचा कॅमेरा: चौकोनी फ्रेम, बारीक फुल्यांचं जाळं, कडेला माहितीची पट्टी, कधी कधी यानातून बाहेर काढलेला लांब दांडा फ्रेममध्ये. आणि पॅनोरमा कॅमेरा: अकरा सेंटिमीटर रुंद आणि एक मीटरहून लांब फ्रेम, म्हणजे तुमच्या हातात तिचा तुकडाच असणार. यांच्या क्रमांकात एम किंवा पी येतो. उंचावरचा, अतिशय स्वच्छ, फुल्या दाट असलेला फोटो या तीन मोहिमांच्या आधीचा असू शकत नाही.

पृष्ठभागावर माणूस दिसत असेल तर मोहीम ठरवणं सोपं जातं. सुटाच्या हातापायांवर आणि शिरस्त्राणावर लाल पट्टे असतील तर तो कमांडर, आणि मोहीम १४ किंवा नंतरची. ११ आणि १२ मध्ये दोघांचे सूट सारखेच, म्हणून फोटोतला माणूस कोण यावर पुढे गोंधळ झाला आणि पट्टे आले. कृष्णधवल प्रिंटमध्ये लाल पट्टा गडद राखाडी दिसतो, तो सावली समजून सोडून देऊ नका. दुचाकी हातगाडी असेल तर १४. जवळ एक जुनं तीन पायांचं यान उभं असेल तर १२, कारण ते सर्व्हेयर ३ जवळ उतरले होते. त्यांच्या झेंड्याचा आडवा दांडा अडकून राहिला नाही, म्हणून त्यांचा झेंडा लोंबलेला दिसतो. चारचाकी गाडी दिसली तर १५, १६ किंवा १७.

या तिघांत फरक करायला मागचा देखावा बघा. १५ मध्ये गुळगुळीत उताराचा प्रचंड डोंगर आणि हॅडली नावाची खोल घळ. १६ मध्ये उंचसखल फिकट पठार, आणि उतरलेल्या यानाच्या सावलीत तिवईवर सोनेरी रंगाचा अतिनील कॅमेरा. १७ मध्ये दोन्ही बाजूंनी डोंगर उतरलेलं खोरं आणि घराएवढे दगड. गाडीच्या मागच्या चाकावरचा मडगार्ड नकाशाच्या कागदांनी आणि चिकटपट्टीने सांधलेला दिसला तर तो नि:संशय अपोलो १७, डिसेंबर १९७२. नुसता मडगार्ड तुटलेला असेल तर घाई करू नका, १६ च्या गाडीचाही तुटला होता. आणि ‘अपोलो १३’ लिहिलेला पृष्ठभागावरचा फोटो चुकीचाच, कारण ते उतरलेच नाहीत.

चंद्राच्या क्षितिजावरची पृथ्वी हा फोटो सगळ्यात जास्त वेळा चुकीच्या नावाने सांगितला जातो. कृष्णधवल आणि पट्टेवाला असेल तर लूनर ऑर्बिटर १, २३ ऑगस्ट १९६६. रंगीत आणि प्रसिद्ध तो अपोलो ८ चा, २४ डिसेंबर १९६८, क्रमांक एएस०८-१४-२३८३. पट्टे नसलेला कृष्णधवलही अपोलो ८ चाच असू शकतो: रंगीत फोटोच्या काही क्षण आधी कृष्णधवल फिल्मवर काढलेला एएस०८-१३-२३२९. अपोलो ११ नेही हे दृश्य ४४ क्रमांकाच्या मॅगझिनवर टिपलंय. पृथ्वीवरच्या ढगांचे आकार ताडून बघितले की निकाल लागतो. ढग दर वेळी वेगळे असतात.

सोव्हिएत फोटोंबद्दल थोडंच. ऑक्टोबर १९५९ चं लूना ३: अतिशय भुरकट, चंद्राची मागची बाजू, एक-दोन काळे डाग ठळक. जुलै १९६५ चं झोंड ३: तीच बाजू, खूप स्वच्छ. ३ फेब्रुवारी १९६६ ला उतरलेलं लूना ९: जमिनीलगतचा लांबट देखावा. लूना ९ चे संकेत इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक या रेडिओ वेधशाळेनेही पकडले आणि लांबी-रुंदीचं प्रमाण ठाऊक नसल्याने तिथून छापलेल्या चित्रांत दगड उभट, टोकदार आले. दगड उभट दिसत असतील तर चित्र त्या वाटेने आलेलं.

पूर्ण चंद्रबिंब असलेला आणि टायको विवर वरच्या बाजूला असलेला फोटो यानाचा समजू नका. पृथ्वीवरच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, म्हणून जुनी वेधशाळेची चित्रं दक्षिण वर ठेवून छापत.

यंत्र आणि मोहीम यांचा अंदाज आला की मग नकाशा. ह्यूस्टनच्या लूनर अँड प्लॅनेटरी इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर अपोलो आणि लूनर ऑर्बिटर दोन्हींचे फोटो क्रमांकाने लावलेले आहेत. जागा शोधायला नासाच्या एलआरओ या चंद्राभोवतीच्या यानाचा क्विकमॅप हा ऑनलाइन नकाशा वापरा. चांद्रयान २ च्या ओएचआरसी कॅमेऱ्याचे अतिशय बारकाईचे फोटो इस्रोच्या प्रदान या संकेतस्थळावर मिळतात, मात्र ते निवडक जागांचेच आहेत. एकेकटं विवर शोधू नका. तीन विवरांचा त्रिकोण आणि त्यांच्या व्यासांचं प्रमाण कागदावर काढा, आणि तो त्रिकोण शोधा. खळगे उंचवट्यासारखे दिसू लागले तर प्रिंट १८० अंशांत फिरवा. आपला डोळा उजेड वरून येतो असं धरतो, खालून आला की विवराचा टेकडा होतो.

जागा सापडली तरी थांबू नका. तीच जागा पाच मोहिमांनी टिपलेली असू शकते. सावल्या कोणत्या बाजूला आणि विवराच्या व्यासाच्या किती पट लांब आहेत ते मोजा आणि संग्रहातल्या फ्रेमशी ताडा. सावली आणि कोन दोन्ही जुळले तरच तीच फ्रेम.

गठ्ठ्यात लालसर ग्रह किंवा कड्यांचा ग्रह निघाला तर तो जेपीएलचा असण्याची शक्यता जास्त. मंगळावर गेलेल्या वायकिंगच्या कक्षायानाच्या फोटोचा क्रमांक ०३५ए७२ अशा घडणीचा: ३५ वी फेरी, ए म्हणजे पहिलं कक्षायान, ७२ वी फ्रेम. बी असेल तर दुसरं. व्हॉयेजरच्या प्रिंटवर बारीक काळ्या ठिपक्यांची जाळी असते आणि पी क्रमांकावरून कोणत्या ग्रहाजवळून जातानाचा फोटो ते ओळखता येतं: २१ हजारांच्या घरातले गुरूचे, २३ हजारांतले शनीचे, २९ हजारांतले युरेनसचे, ३४ हजारांतले नेपच्यूनचे.

नोंद करताना प्रत्येक फोटोसाठी एक कागदी पाकीट घ्या, आम्लरहित मिळालं तर उत्तम, आणि प्रिंट आत घालायच्या आधी पाकिटावर शिसपेन्सिलने लिहा: प्रिंटवरचा क्रमांक जसाच्या तसा, आपण ठरवलेली मोहीम आणि फ्रेम, आणि ते कशावरून ठरवलं. ‘पट्टे, २८, डाव्या कडेला छटापट्टी, कोपर्निकस, सावली जुळली’ एवढं पुरे. जिथे फक्त यंत्र कळलंय आणि मोहीम नाही, तिथे ‘लूनर ऑर्बिटर, बहुधा ४’ असंच लिहा, पुढच्या माणसाला तिथून सुरुवात करता येते. आणि ‘अपोलो ११, १९६९’ लिहिलेलं ते जुनं पाकीट फेकू नका. फोटो कधी आणि कुठून घरात आले याचा तुमच्याकडचा तो एकुलता एक कागद आहे, त्याचाही स्कॅन करून गठ्ठ्यासोबतच ठेवा.